नमुना देह

सोमवार, १२ जानेवारी १९८७

नोकरीचा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी ही डायरी मिळाली. कुठल्याशा औषध कंपनीची आहे, प्रत्येक पानाखाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात. चंद्रप्रकाशने ती टेबलावर आपटली आणि म्हणाला, घे, आमच्याकडे चार जास्तीच्या आल्यात. हा चंद्रप्रकाश इथला प्रोग्रामर. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण पाच मिनिटांत अरेतुरेवर आला. मलाही बरं वाटलं. भांडुपच्या ड्रॉइंग ऑफिसात सात वर्षं 'मिसेस परब' ऐकून कान किटले होते.

जागा मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात छत्र्यांच्या काड्या बनतात, त्यांचा खडखडाट जिन्यापर्यंत येतो. आमच्या दाराच्या आत मात्र एसी, खिडक्यांना काळे पडदे, चपला बाहेर. निघताना घरी दत्ताराम म्हणाला होता, एसीतली नोकरी म्हणजे स्वेटर घेऊन जा गो. खरंच लागला.

काम असं. अंधेरीच्या स्कॅन सेंटरमधून फिल्म येतात. तिथलं यंत्र माणसाचे आडवे काप काढल्यासारखे फोटो घेतं, पावाच्या स्लाइस असतात ना, तसे. एका माणसाचे चाळीस. मी ती फिल्म उजेडाच्या बोर्डावर लावायची. हातात साबणाच्या वडीएवढं एक खेळणं, त्याला पक म्हणतात, त्याच्या भिंगात बारीक फुली. ती फुली अवयवाच्या कडेवरून फिरवायची आणि प्रत्येक वळणाला बटण दाबायचं. कड जुळली की टुक असा आवाज. चाळीस कापांतल्या चाळीस कडा कॉम्प्युटर एकावर एक रचतो आणि पडद्यावर अख्खा अवयव उभा राहतो. कापायच्या आधीच डॉक्टरांना कळतं, गाठ नेमकी कुठे बसलीय.

सात वर्षं बॉयलर ट्रेस केले, आज पहिल्यांदा यकृत. चंद्रप्रकाशने ते गोल फिरवून दाखवलं. हिरव्या रेघांचं, हलकं, आतून पोकळ. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

गुरुवार, २२ जानेवारी

शेजारच्या बोर्डावर शकु बसते. मानखुर्दहून येते, बी.एस्सी. झूलॉजी. बेडूक, झुरळ, ससा सगळं कापून झालंय म्हणते, माणूसच राहिला होता. प्लीहा कुठली आणि जठर कुठलं, मला काही कळत नव्हतं. ती म्हणाली, "रत्ना, तू नुसती रेघ बघ. नाव मी सांगते." आता आमची वाटणीच झालीय. तिचं डोकं, माझा हात.

माझ्या रेघेला थरथर नाही, असं कोरगावकर साहेब स्वतः येऊन म्हणाले. ते मालक. परदेशात शिकलेले, बोलताना चष्म्याची काडी चावतात.

पेशंटांना इथे नावं नसतात. नंबर, वय, आणि एम किंवा एफ. आज १९ नंबर, एफ, वय सहा. फिल्मवर तिचं मूत्रपिंड वाटाण्याएवढं. मी इतक्या हळू ट्रेस केलं की शकु हसली. तिला दुखत नाही गं, म्हणाली.

हे दत्तारामला सांगायचं होतं, सांगितलं नाही. लग्नाला आठ वर्षं झाली. लहान मुलांचं काही निघालं की आम्ही दोघंही पटकन दुसरं बोलतो.

सोमवार, २ फेब्रुवारी

चंद्रप्रकाशचा नवा प्रोग्राम तयार झालाय. आता प्रत्येक पेशंट कोऱ्यावरून काढायचा नाही. एक निरोगी माणूस पूर्ण ट्रेस करून ठेवायचा, तो नमुना. नवा पेशंट आला की त्याच्यावर नमुना बसवायचा आणि खेचून ताणून जुळवायचा. दर पेशंटागणिक नमुनाही थोडासा त्याच्याकडे सरकतो. "म्हणजे तो शिकतो, यार," चंद्रप्रकाश म्हणाला. आणि एखादा आकार नमुन्यात नसला, समज गाठ, तर आपण तिला नाव द्यायचं. नाव दिलं की ती नमुन्यातही जाते, पुढच्या वेळी शोधायला सोपी.

आता निरोगी माणूस हवा. चंद्रप्रकाशला लहानपणी टीबी झालेला. शकुचं अपेंडिक्स काढलंय. मी आयुष्यात क्रोसिनसुद्धा मोजून घेतलीय. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मंगळवार, १० फेब्रुवारी

गुरुवारी सेंटरवर जाऊन स्कॅन काढून आले. गार फळी, गोल भोक, श्वास धरा, सोडा. काही वाटलं नाही. आज माझ्याच फिल्म माझ्या बोर्डावर आल्या. शकु म्हणाली मी काढते, पण मी दिल्या नाहीत. स्वतःची रेघ दुसऱ्याला कशाला काढू द्यायची?

दिवसभरात सगळं काढलं. यकृत, दोन्ही मूत्रपिंडं, हृदय, बरगड्या, गर्भाशय. एकही कड पुसावी लागली नाही. चंद्रप्रकाशने फाइलला नाव दिलं 'रत्ना' आणि पहिली प्रत फ्लॉपीवर काढून कपाटात ठेवली. पडद्यावर मी फिरत होते. शकु म्हणाली, आतून झकास दिसतेस.

शुक्रवार, १३ मार्च

काम भराभर होतंय. पूर्वी एका माणसाला दोन दिवस लागायचे, आता एक. माझी आकृती पेशंटवर ठेवायची, खेचायची, उरलंसुरलं हाताने सुधारायचं. महिन्याभरात मी एकतीस जणांवर बसून आले, असं शकु चिडवते.

आज एक नवल. ५८ नंबर, एम, वय ३४, त्याचं सगळं उलटं. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे. फिल्म उलटी लागली असेल म्हणून दोनदा बघितली. शकु म्हणाली, असतात अशी माणसं, दहा हजारांत एखादा. नमुना बसवायला फार ओढाताण झाली. शेवटी बसला.

सोमवार, १६ मार्च

काल दुपारी डाव्या कुशीवर लवंडले होते. छातीचे ठोके रोज उशीत ऐकू येतात, काल आले नाहीत. हात ठेवून बघितला. ठोका मधोमध लागतोय. हाडाच्या अगदी खाली.

दत्तारामला हात ठेवायला लावला. तो म्हणाला, हयच असतला, तुका वाटता काय तरी.

शनिवार, ४ एप्रिल

आज लिहायला हात थांबत नाही. पंधरा दिवस वर गेले होते, डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रिपोर्ट आला. मला दिवस गेलेत. आठ वर्षांनी. दत्ताराम दवाखान्याच्या पायरीवर बसूनच राहिला. डेअरीतली ड्यूटी बुडवली. संध्याकाळी शेजारपाजाऱ्यांना सांगायचं नाही असं ठरवून दोन तासांत अख्ख्या दौलतनगरला पेढे वाटून आला.

उजव्या कुशीत दुखतं, ते बाईंना सांगितलं. त्यांनी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, बारीक खडा असावा. बाळंतपणापर्यंत पाणी प्या.

बुधवार, २२ एप्रिल

खडा ७० नंबरच्या पेशंटला होता. उजव्या मूत्रपिंडात, वरच्या टोकाला. मीच त्याला नाव दिलं होतं.

७३ नंबरच्या यकृतावर तीन गाठी होत्या. त्यांनाही मीच नाव दिलं. परवापासून जेवण झालं की उजवीकडे जड लागतं.

शकुला बोलले. ती हसली नाही. म्हणाली, कॉलेजात आम्हाला पण प्रत्येक रोग आपल्यालाच झालाय असं वाटायचं. पण माझ्या छातीवर हात ठेवल्यावर तिने तो लगेच काढला.

मंगळवार, ५ मे

आज एक बाई ऑफिसात आली. पन्नाशीची, ठसठशीत, नऊवारी कोळी पद्धतीने कासोटा घालून नेसलेली. सोनूबाई, खारदांड्याची. टोपलीत सुके बोंबील. सेंटरवरच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, तुझी चित्रं काढणाऱ्या पोरी मरोळला बसतात. ती ४१ नंबर. यकृतात लिंबाएवढी गाठ होती, ऑपरेशन होणार नाही म्हणून परत पाठवलं होतं.

"बाय, आता गाठ हरभऱ्यायेवढी रायली. डाक्टर बोलतो, असं कदी बघितलं नाय." तिने माझे दोन्ही हात धरले. तिच्या हातांना मीठ आणि माशाचा वास होता. चार महिन्यांनी पहिल्यांदा भरल्या ताटावर जेवली, असं म्हणाली आणि रडली. मीही रडले.

ती गेल्यावर शकुने तिच्या नव्या फिल्म काढल्या. गाठ खरंच हरभऱ्याएवढी. मग १९ नंबरच्या मुलीच्या काढल्या, मार्चमध्ये परत आली तेव्हा तिच्यावरही नमुना बसवला होता. तीही बरी होतेय. ५८ च्या काढल्या. त्याचं हृदय बोटभर मधे सरकलंय.

जितकं त्यांचं माझ्याकडे येतंय, तितकं माझं त्यांच्याकडे जातंय.

गुरुवार, ७ मे

चंद्रप्रकाशला सांगितलं. तो म्हणाला, रत्ना, वेड लागलंय तुला, तो नुसता आकड्यांचा ढीग आहे. मी म्हटलं, मग करून बघ. मला न सांगता नमुन्यात काहीतरी बदल.

शकुने मला पलीकडच्या खोलीत बसवलं आणि पाठीवर हात ठेवला. दहा मिनिटांनी डावीकडच्या शेवटच्या बरगडीचं टोक कातडीखाली सरकलं. उंदीर गोधडीखालून जातो तसं. मी ओरडले. शकुही ओरडली, तिच्या बोटाखालूनच गेलं ते. चंद्रप्रकाश धावत आला. त्याने त्याच बरगडीचं टोक दोन पेरं ओढलं होतं. त्याने हात लावून बघितलं. मग पळत जाऊन परत जागेवर आणलं. टोक परत येतानाही तितकंच दुखलं.

सोमवार, ११ मे

आता रोज पाच वाजता, सगळं संपलं की, मी स्वतःला दुरुस्त करते. दिवसभरात पेशंटांनी ओढलेल्या माझ्या कडा जागेवर आणते. यकृत पाऊण तास. मूत्रपिंडं अर्धा तास. हृदयाला हात लावायला भीती वाटते म्हणून त्याला रोज केसाएवढंच ढकलते. पोटात बाळ, हातात पक. दुखतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चालता येतं.

कोरगावकर साहेबांना सांगायला चंद्रप्रकाशच आत गेला. नमुना बदला, दुसऱ्या कुणाचा घ्या, म्हणाला. साहेबांनी ऐकून घेतलं. मग मला बोलावलं. वाटलं ओरडतील, पण ते अगदी हळू बोलले. म्हणाले, दुसऱ्या कुणाचा घेतला तर त्या माणसाचं काय होईल, ते तुम्हीच सांगा. आणि एकशे दहा माणसं बरी होतायत, त्यांना काय सांगू?

मला सोनूबाईचे हात आठवले. मी परत बोर्डावर जाऊन बसले.

शुक्रवार, २९ मे

सकाळपासून उलट्या. कमरेतून, छातीतून, मानेतून ओढ लागते, एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना. काल पाच वाजता सगळं नीट करून गेले होते. आज फाइल उघडली तर माझी आकृती काल ठेवली तशीच आहे. मग दुखतंय काय?

चंद्रप्रकाशने खाली बघत सांगितलं. साहेबांनी प्रोग्राम विकलाय. गेल्या आठवड्यात पाच फ्लॉपी गेल्या, पाच शहरांत. प्रत्येकीत मी आहे. पाच ठिकाणी पाच बोर्डांवर मला कुणीतरी कुणावर तरी बसवतंय, आणि ते मला पुसता येत नाही.

शकुने एक वाईट गोष्ट मोजली. आमच्या पेशंटांत तीन हिश्शांत दोन हिस्से पुरुष आहेत.

मंगळवार, ९ जून

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयाची वाढ महिन्यांच्या मानाने कमी आहे. उलट मागच्या खेपेपेक्षा लहान लागतंय, असं होत नाही, माझाच हात चुकला असेल.

हात चुकलेला नाही. पुरुषांना गर्भाशय नसतं. सगळे मिळून माझं पुसतायत.

दत्तारामला आज सगळं सांगितलं. त्याला कॉम्प्युटर कळत नाही. शेवटी म्हणाला, "नोकरी सोड. आत्ता." मी म्हटलं, मी सोडली तरी ते मला सोडणार नाहीत. तेव्हा तो डोकं धरून बसला.

गुरुवार, ११ जून

कपाटात पहिली फ्लॉपी आहे. दहा फेब्रुवारीची मी. ती सगळीकडे पाठवून दिली तर खडा जाईल, गाठी जातील, हृदय जागेवर येईल. चंद्रप्रकाशने ती हातात घेऊन माझ्यापुढे धरली. म्हणाला, बोल, आत्ताच्या आत्ता टाकतो.

मी हो म्हणणारच होते. शकुने त्याचा हात धरला. म्हणाली, अरे, दहा फेब्रुवारीला तिच्या पोटात बाळ नव्हतं.

चंद्रप्रकाशने फ्लॉपी परत कपाटात ठेवली.

बुधवार, १७ जून

एकच मार्ग उरलाय. पहिली फ्लॉपी घ्यायची आणि तिच्यात बाळ मी स्वतः काढायचं.

सोमवारी सोनोग्राफी केली. शकुच्या ओळखीची बाई तिथे आहे, तिने एका फोटोऐवजी सव्वीस दिले, एकाखाली एक. सगळे धूसर, धुक्यात काढल्यासारखे. आज सकाळी नऊला बोर्डावर बसले. कपाळ. नाक. पाठीचा कणा, मण्यांसारखा. एक मूठ. दुसरी मूठ दिसत नव्हती, ती पहिलीवरून अंदाजाने काढली. हृदय तांदळाच्या दाण्याएवढं, त्याची कड अकरा वेळा काढली. इतकी चांगली रेघ मी जन्मात काढलेली नाही.

कड जुळली. टुक.

पडद्यावर प्रोग्रामने विचारलं, या आकाराचं नाव. शकुने माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं, 'बाळ'.

शुक्रवार, १९ जून

चंद्रप्रकाशने पाचही ठिकाणी नव्या फ्लॉपी पाठवल्या. सोबत पत्र, जुन्या नमुन्यात दोष होता, तो ताबडतोब काढून टाकावा, हाच वापरावा. साहेबांची सही त्यानेच केली.

रविवार, २८ जून

पोहोचल्या असाव्यात. काल दुपारपासून दुखणं थांबलं. कुठेच दुखत नाही. डाव्या कुशीवर झोपले आणि ठोके उशीत ऐकले.

आज सकाळी तांदूळ निवडत होते आणि आतून टिचकी बसली. पुन्हा. दत्तारामचा हात धरून आणला. त्याला काही लागलं नाही, पण तो लागलं म्हणाला. अर्धा तास आम्ही दोघं ताटापुढे बसून होतो. तांदूळ तसेच.

शुक्रवार, ३ जुलै

परकराची नाडी बांधताना लक्षात आलं. मंगळवारपेक्षा दोन बोटं सैल.

कमी खाल्लं असेन.

सोमवार, ६ जुलै

नाडी चार बोटं सैल. टिचकी आहे, पण दूर. शेजारच्या खोलीत कुणी दार वाजवावं तशी.

फाइल उघडली. पडद्यावरचं बाळ लहान झालंय. कड तीच, वळणं तीच, सगळं तसंच, फक्त लहान. चंद्रप्रकाशने आकडे बघितले. मग माझी नजर टाळून सांगायला लागला. दर पेशंटागणिक नमुना पेशंटकडे सरकतो. पेशंटच्या पोटात बाळ नसतं. म्हणून प्रत्येक जण थोडं थोडं—

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. नाव मी दिलं होतं. नाव दिलं की ते नमुन्यात जातं आणि नमुना सगळ्यांवर बसतो, हे त्याने मला दोन फेब्रुवारीलाच सांगितलं होतं.

मंगळवार, ७ जुलै

चंद्रप्रकाशने कालच पाचही ठिकाणी तारा केल्या. काम थांबवा. दोघांकडून उत्तर आलं. नवा नमुना उत्तम चालतो, आभार. बाकी तिघांकडून काही नाही.

साहेबांना खोटी सही कळली. त्याला काढून टाकलं. जाताना माझ्या टेबलापाशी थांबला, म्हणाला, रत्ना, माफ कर यार. आणि रडत जिना उतरला. आता फाइलला हात लावणारं कुणी नाही. साहेबांनी कॉम्प्युटरची खोली बंद करून किल्ली स्वतःकडे घेतलीय. पेशंटवर नमुना ते स्वतःच बसवतात.

मी दारावर डोकं आपटलं. शकुने ओढून काढलं.

शुक्रवार, १० जुलै

शकुने दुसऱ्या खेपेच्या फिल्म चोरून आणल्या. १४३ नंबर. एम. वय ५२. त्याच्या तेहेतिसाव्या कापात, आतड्यांच्या मागे, एक बारीक बंद कड. आम्ही काढलेली नाही. फिल्मवरच आहे.

१४४, एफ, वय ७०. तेहेतिसावा काप. आहे.

१४५. आहे.

मी ती कड भिंगातून बघितली. अकरा वेळा काढलीय ती. ओळखणार नाही?

शनिवार, ११ जुलै

डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. मग सोनोग्राफी. मग बाहेर जाऊन दत्तारामशी बोलल्या. मग त्याला आत आणून मलाही सांगितलं. गर्भाशय रिकामं आहे. रक्त गेलेलं नाही, काही पडलेलं नाही. कधी काही होतं अशी खूणच नाही. बाई म्हणतात, कधीकधी मनाने ठरवलं की पोटही वाढतं.

एप्रिलचा रिपोर्ट त्यांचाच आहे.

घरी येताना दत्ताराम म्हणाला, गावाक जाऊया, रत्ना. माझं बाळ इथे आहे, मी कशी जाऊ?

सोमवार, १३ जुलै

सोनूबाई आली. ऑफिसात नाही, थेट घरी. पत्ता शकुकडून घेतला. दारातच म्हणाली, "बाय, तुला सोडून कोणाला सांगू? मानसं हसतील. माजं वय बघ आनि—माज्या पोटात कायतरी हालतंय."

मी तिला आत घेतलं. तिच्या पोटावर हात ठेवला.

टिचकी.

माझीच. तीच.

तिने विचारलं, काय गो, काय हाय ते? मी खाली बसले. तिच्या पायांना मिठी मारली. ती घाबरली. मी तिला सांगितलं, हळू चाल. जड उचलू नको. पोटभर जेव.

कुठून काढू? एकीकडून काढलं तर एवढुसंच मिळेल. बाकीचं कुठे कुठे—किती जणांत—नंबर आहेत, नावंच नाहीत—

मंगळवार, १४ जुलै. सकाळी साडेदहा

सेंटरवर आलेय. बाकावर बसून लिहितेय. त्यांच्या रजिस्टरात नावं असतील. एकेकाचा पत्ता उतरवून घेईन. एकेकाच्या घरी जाईन. पाया पडेन. काय मागायचं ते माहीत नाही.

हॉल भरलाय. तीस-एक माणसं. बहुतेक दुसऱ्यांदा आलेली. चेहरे तुकतुकीत. समोर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचतायत. त्यांच्या शेजारी एक शाळकरी मुलगी, सहा वर्षांची असेल, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. रजिस्टरवाली बाई म्हणते, थांबा जरा.

पंखा. कुणी बोलत नाही. मघाशी बोलत होती सगळी.

म्हाताऱ्यांनी पेपर खाली ठेवला. पोटावर हात ठेवला. त्या मुलीनेही. पलीकडच्या बाईने. दाराजवळच्या शीख माणसाने. सगळ्यांनी. एकदम, एकाच क्षणी. आत काहीतरी हललं की बायका जसं थांबून ऐकतात तसं—

आता मान वर करतायत. सगळ्यांची मान हळूहळू इकडे—

माझ्याकडे बघतायत. तिसांचे चेहरे वेगळे आणि बघणं एकच. अनोळखी माणसाकडे असं कुणी बघत नाही. असं फक्त

त्या मुलीने हात पुढे केले. म्हाताऱ्यांनीही. उचलून घे म्हणून करतात तसे. सगळे उठ—